आभासी प्रयोगशाळा आणि स्पर्शाचा प्रश्न

दलित साहित्याच्या चळवळीने कथा, कविता, नाटक यांची चिकित्सा केली. इतिहासाची केली, पाठ्यपुस्तकांतील धड्यांचीही केली. विज्ञानाच्या प्रयोगाकडे मात्र आपली समीक्षा सहसा वळली नाही. प्रयोग म्हणजे निखळ सत्य, तांब्याची तार जात विचारीत नाही, तेव्हा तेथे समीक्षकाचे काम काय, अशी आपली समजूत दिसते. तार जात विचारीत नाही हे खरेच आहे. पण तारेला हात कोणी लावायचा, उपकरण मोडले तर भरपाई कोणी द्यायची आणि प्रयोग फसला तर कोणाच्या बुद्धीचे वाभाडे काढायचे, हे समाज ठरवीत आलेला आहे. म्हणून प्रयोगही एखाद्या संहितेप्रमाणे वाचला पाहिजे.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर करावयाचे प्रयोग आता शाळा-महाविद्यालयांत सर्रास शिरले आहेत. शिक्षक त्यांना 'सिम्युलेशन' म्हणतात. चित्रफितीपेक्षा ही वेगळी गोष्ट आहे. चित्रफीत विद्यार्थी पाहतो. येथे तो काही बदलतो आणि पडद्यावरचे जग त्या-त्या नियमानुसार बदलते. याचे स्वागत करणारे त्यात शैक्षणिक क्रांती पाहतात, तर आपल्यातले काही कार्यकर्ते मित्र 'अमेरिकेचे खेळणे' म्हणून ते बाजूला सारतात. दोघांनीही ही संहिता पुरती वाचलेली नाही असे मला वाटते. मी तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकवतो. ही संहिता मला रोज वाचावी लागते.

आधी माझ्या प्रयोगशाळेविषयी सांगितले पाहिजे. माझे वडील विजेच्या खांबांचे खड्डे खणणाऱ्या टोळीत मजूर होते. त्यांनी खणलेल्या खड्ड्यांत उभे राहिलेले खांब आमच्या वस्तीच्या कडेने पुढे गेले. आमच्या घरात रीतसर मीटर आले तेव्हा मी नववीत होतो. तोवर वस्ती आकड्यावर चालत होती. अकरावीला विज्ञान शाखेत गेलो तेव्हा पहिल्यांदा प्रयोगशाळा पाहिली. भिंतीला काचेची कपाटे, कपाटांना कुलपे, किल्ली लॅब असिस्टंटच्या खिशात. एका उपकरणाभोवती सहा-सात मुलांची तुकडी. त्यांतली दोन मुले उपकरण हाताळत, एक जण वाचने सांगे, बाकीचे उतरवून घेत. आम्ही वस्तीतली तिघे नेहमी उतरवून घेणाऱ्यांत. 'हात लावू नका' असे आम्हांला कोणी म्हटले नाही. तसे म्हणावे लागलेच नाही. गॅल्व्हानोमीटर बिघडला तर पैसे कुठून आणायचे, ही धास्ती आम्ही घरूनच घेऊन आलो होतो. ज्यांच्या घरी रेडिओ उघडून पाहिला तर बाप रागावत नाही, त्यांचे हात उपकरणाकडे आपोआप जात. दोन वर्षांच्या अखेरीस माझे जर्नल उत्तम होते, अक्षर सुबक होते, सर्व वाचने बरोबर होती. त्यांतले एकही वाचन माझे नव्हते.

हे सांगताना बाबासाहेबांच्या चरित्रातला एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, ते विटाळू नयेत म्हणून मुले धावली. हा प्रसंग आपण नेहमी अपमानाची कहाणी म्हणून सांगतो. शिक्षक या नात्याने मला त्यात आणखी काही दिसते. त्या मुलाला गणित येत होते. प्रश्न गणिताचा नव्हताच. फळा आणि खडू या साधनांपर्यंत पोहोचण्याचा होता. साधन आणि विद्यार्थी यांच्यामध्ये कोणाचा तरी डबा असतो. काळ बदलला तसा डबा बदलला. माझ्या वेळी तो काचेचे कपाट झाला होता.

या पार्श्वभूमीवर आता पडद्यावरच्या प्रयोगाकडे पाहावे.

आज जगभर सर्वाधिक परिचित असलेला सिम्युलेशनांचा संच म्हणजे 'फेट'. कार्ल वीमन या पदार्थवैज्ञानिकाला २००१ चे नोबेल पारितोषिक दोघा सहकाऱ्यांसह मिळाले आणि २००२ मध्ये त्याने कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे, हा उपक्रम सुरू केला. पदार्थविज्ञानापासून आरंभ झाला, पुढे रसायन, गणित, जीवशास्त्र, भूविज्ञान आले. सगळे मोफत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. अनेक भाषांत रूपे आहेत, त्यांत मराठीही आहे.

त्यातले विद्युत परिपथ जोडण्याचे सिम्युलेशन मी येथे नमुना म्हणून घेतो. पडद्यावर एका बाजूला तारा, बॅटऱ्या, बल्ब, रोध, खटके ठेवलेले. हवे ते उचलून मधल्या मोकळ्या जागेत आणावयाचे, टोकाला टोक जोडावयाचे. परिपथ पुरा झाला की बल्ब उजळतो आणि तारांमधून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. व्होल्टमीटर, ॲमीटर हाताशी आहेत. नाणे, खोडरबर, पेन्सिल, कागद अडकवण्याची क्लिप, डॉलरची नोट, इतकेच काय, एक कुत्राही परिपथात जोडून पाहता येतो. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की बॅटरीवर ज्वाळा दिसतात. आणि खाली कोपऱ्यात एक नारिंगी बटण आहे. ते दाबले की सगळे पुन्हा पहिल्यासारखे.

या बटणाचे मोल ज्यांच्या हातून घरात कधी काही मोडले नाही त्यांना कळणार नाही. प्रथम वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीला मी हे सिम्युलेशन दिले. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी ती पहिली. मी सांगितलेला परिपथ तिने जोडला नाही. तिने बॅटरी पेटवली. नारिंगी बटण दाबले आणि पुन्हा पेटवली. "सर, अजून एकदा?" असे विचारून तिसऱ्यांदा. मग दोन बॅटऱ्या, मग कुत्रा. पाऊण तास तिने नुसती मोडतोड केली, आणि त्या पाऊण तासात तिला जे कळले ते माझ्या दोन वर्षांच्या सुबक जर्नलने मला शिकवले नव्हते: परिपथात रोध नसेल तर विद्युतधारा बेफाम वाढते. चुकण्याचा अधिकार हा ज्ञानाच्या व्यवहारातला पहिला अधिकार आहे, आणि आपल्या मुलांना तो क्वचितच मिळाला. आपला मुलगा चुकला की चूक त्याची राहत नाही, ती जातीची होते. 'सवलतीवर आलेले' हा शेरा तयारच असतो. पडदा शेरा मारीत नाही, हसत नाही. त्याला आडनाव ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट, पडदा जे दाखवतो ते खरी तार दाखवू शकत नाही. एका ओळीत दोन बल्ब जोडले तर पहिला बल्ब थोडी विद्युतधारा 'खातो' आणि दुसऱ्याला उरलेली मिळते, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची धारणा असते. व्याख्याने देऊन ती जात नाही. पडद्यावर निळे ठिपके पहिल्या बल्बच्या आधी ज्या वेगाने चालले आहेत त्याच वेगाने नंतरही चाललेले दिसतात, तेव्हा विद्यार्थी स्वतःच थबकतो. या धारणा 'मागासलेल्या' मुलांपुरत्याच असतात असे कोणी समजू नये. १९९७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका माहितीपटात एमआयटीच्या पदवीदानाला आलेल्या, अंगावर झगा आणि डोक्यावर टोपी असलेल्या पदवीधरांना एक बॅटरी, एक तार आणि एक बल्ब देऊन दिवा लावायला सांगितले होते. अनेकांना तो लावता आला नाही. गुणवत्तेवर व्याख्याने देणाऱ्यांनी तो माहितीपट जरूर पाहावा.

२००५ मध्ये कोलोरॅडोच्या अभ्यासकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पदवीच्या काही विद्यार्थ्यांना खऱ्या उपकरणांऐवजी हेच सिम्युलेशन दिले, इतरांना नेहमीची प्रयोगशाळा. पुढे संकल्पनांच्या प्रश्नांत सिम्युलेशनवाले सरस ठरले. आणि खऱ्या तारा-बल्बांचा परिपथ जोडून तो समजावून सांगण्यातही तेच सरस ठरले. 'खऱ्याला पर्याय नाही' असे भावनेच्या भरात म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना हा निष्कर्ष अडचणीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तो नीट वाचावा. पडद्यावर शिकलेल्यांची अंतिम परीक्षा शेवटी खऱ्या तारेवरच घेतली गेली. खरी प्रयोगशाळा त्या विद्यापीठात होती, म्हणूनच तुलना करता आली. जेथे प्रयोगशाळाच नाही तेथे हा शोधनिबंध नाचवून ती न उभारण्याचे समर्थन कोणी करीत असेल, तर तो संशोधनाचा गैरवापर आहे.

आता संहितेच्या दोषांकडे.

पहिला दोष बऱ्याच जणांना डॉलरच्या नोटेत दिसतो. मला तो तेथे दिसत नाही. डॉलरच्या नोटेतून वीज जात नाही, तशी दहाच्या नोटेतूनही जात नाही. मुलांना गंमत वाटते, एवढेच. ऊर्जेच्या सिम्युलेशनमध्ये चाकांच्या फळीवर उभा राहून उतारावरून घसरणारा खेळाडू आहे. आपल्या मुलांनी तो खेळ पाहिलेला नसला तरी घसरगुंडी पाहिलेली असते. परकेपणाचा बाऊ करणारी समीक्षा मला फारशी उपयोगाची वाटत नाही.

खरी अडचण अपूर्णांकांच्या सिम्युलेशनमध्ये आहे आणि ती गणिताची आहे. तेथे वर्तुळ, पट्टी, चंचुपात्र यांच्याबरोबर केक आहे. केक नेहमी सारख्या आकाराचा आणि त्याचे तुकडे नेहमी समान. माझी आजी सांगे की तिच्या लहानपणी येसकरपाळी असली की संध्याकाळी घरोघरच्या भाकरीचे तुकडे दुरडीत जमत: कोणाची अर्धी, कोणाची चतकोर, कोणाची नितकोर. ते तुकडे जुळवून आज किती भाकरी झाल्या याचा हिशेब तिची आई लावी. पण एका घरची भाकरी परातीएवढी, दुसऱ्या घरची तळहाताएवढी. दोन्हींच्या चतकोराला चतकोरच म्हणत. चार चतकोर मिळून एक भाकरी होईलच असे नव्हते, हे त्या निरक्षर बाईला पक्के ठाऊक होते. अपूर्णांकाचा गाभा हाच आहे: कशाचा पाव? एकक कोणते? पडद्यावरचा केक हा प्रश्न उपस्थितच होऊ देत नाही, कारण तेथे एकक आधीच समान करून ठेवलेले आहे. जेथे पूर्ण वस्तू सर्वांना सारखी मिळते अशा जगात बसून ते सिम्युलेशन लिहिले गेले. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकून घेत. तेथे आपल्याला मज्जाव होता. पण अपूर्णांक आपल्या घरी होता, दुरडीत होता. तो कोणत्याच पाठ्यपुस्तकात आला नाही आणि पडद्यावरही आला नाही.

दुसरा दोष असा की पडद्यावरच्या जगाला गंज चढत नाही. लंबकाचे सिम्युलेशन घ्या. दोऱ्याची लांबी बदला, वजन बदला, लंबक चंद्रावर न्या, गुरू ग्रहावर न्या. घर्षण शून्य केले तर तो थांबतच नाही. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल सुमारे दोन सेकंद हे तत्काळ आणि अचूक मिळते. हे सुंदर आहे, यात शंका नाही. गुरू ग्रहावर प्रयोगशाळा कोण नेणार? पण दाराच्या चौकटीला दगड बांधून तो मोजणाऱ्या मुलाला दहा वेळा दहा निरनिराळी वाचने मिळतात. दोरा ताणतो, वारा लागतो, घड्याळ दाबायला उशीर होतो. मग कोणते वाचन खरे? या प्रश्नातूनच सरासरी जन्मते, त्रुटीचा अंदाज जन्मतो, विज्ञानाची सचोटी जन्मते. ज्याला हा प्रश्न कधी पडला नाही तो पडद्यावरचा आकडा शास्त्रवचनासारखा स्वीकारतो. शब्दप्रामाण्याविरुद्ध एवढा लढा दिल्यावर आपण पडदाप्रामाण्य घेऊन बसणार काय?

शिवाय पडदा काही ठिकाणी अतिशयोक्ती करतो. तारेतले इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला मिलिमीटरच्या अल्पशा अंशाइतकेच पुढे सरकतात. पडद्यावर ते मुंग्यांच्या रांगेसारखे भराभर चालतात. समजण्यासाठी ते आवश्यक आहे हे मान्य. मात्र हे रूपक आहे, हे शिक्षकाने सांगितले पाहिजे. कवितेतले रूपक वर्गात उलगडून सांगतो तसेच. भूमितीतही तोच धोका आहे. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने २००१ मध्ये सुरू केलेल्या जिओजेब्रावर त्रिकोणाचा शिरोबिंदू कसाही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. मुलांना पटते. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. शंभर त्रिकोण ओढले तरी शंभरच त्रिकोण पाहिले. सगळ्या त्रिकोणांविषयी बोलायचे तर समांतर रेषा काढून युक्तिवाद करावा लागतो, आणि तो युक्तिवादच आपल्या मुलांच्या हाती द्यावयाचा आहे. निष्कर्ष तर पूर्वीपासून वरून मिळतच होते.

आपल्याकडे तयार झालेल्या काही आभासी प्रयोगांविषयी एवढेच म्हणेन की, त्यांत कृतीचा क्रम पक्का ठरलेला असतो आणि चुकीचे पाऊल टाकताच येत नाही. ते माझे जुने जर्नलच आहे, फक्त रंगीत.

भाषेचा प्रश्न मात्र थोडक्यात संपणारा नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकाच्या आरंभी महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले, तेव्हा विज्ञान शिकण्यात भाषेचा अडसर केवढा मोठा असतो हे ठळकपणे पुढे आले. चाळीस वर्षांनंतर अडसर तेथेच आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना करंट कळतो, फेज आणि न्यूट्रल कळतो, फ्यूज उडणे कळते. सुट्टीत वायरमनच्या हाताखाली जाणारे तर मला शिकवतील. 'विभवांतर' म्हटले की तेच चेहरे कोरे होतात. पारिभाषिक शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. त्या शब्दांशिवाय पुढची दारे उघडत नाहीत. पण आकड्यापासून विभवांतरापर्यंतचा पूल कोणीतरी बांधावा लागतो. मराठी रूप उपलब्ध आहे म्हणून तो आपोआप बांधला जात नाही. पडद्यावरचे शब्द बदलता येतात, हे मात्र सिम्युलेशनच्या बाजूने नोंदवले पाहिजे. छापील पुस्तकाने ती सोय कधी दिली नाही. फेटच्या सिम्युलेशनांची आज्ञावलीसुद्धा खुली आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी ती उघडून केकच्या जागी निरनिराळ्या आकाराच्या भाकरी ठेवायला कोणाची आडकाठी आहे? आपण साहित्यात आधी वाचक झालो आणि मग लेखक झालो. येथे अजून वाचकही पुरते झालेलो नाही.

आता राज्यकर्त्यांविषयी. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो चालवला. सरकारी शाळांतली, खेड्यांतली मुले स्वस्त साहित्याने स्वतःच्या हातांनी प्रयोग करीत आणि स्वतःचे निष्कर्ष लिहीत. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. त्याच वर्षी बोल्डरमध्ये फेट सुरू झाले. हा योगायोग आहे, कारस्थान नव्हे. पण आपल्या शाळांतले साहित्य काढून घेणारे आणि वीस वर्षांनी पडदा देऊ करणारे शासन आपले हितकर्ते आहे असे समजण्याइतके आपण भोळे नसावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला आभासी प्रयोगशाळांविषयीचा मजकूर कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. आभासी प्रयोगशाळांमुळे सर्व विद्यार्थ्यांना दर्जेदार प्रात्यक्षिकांचा समान लाभ मिळावा, असे ते म्हणते. लगेच पुढे, सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित गटांना आधीच मजकूर भरलेल्या टॅबलेटसारखी साधने पुरवण्याच्या शक्यतेचा विचार केला जाईल, असे म्हणते. समान लाभाची भाषा ठाम आणि साधनाची भाषा शक्यतेची! त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी झाली, शाळा फोनवर आल्या, आणि घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर जात होता हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यांना सिम्युलेशन जास्तीचे मिळणार आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना सिम्युलेशन हीच प्रयोगशाळा म्हणून मिळणार, अशी ही विभागणी आहे. पूर्वीही ज्ञान आणि ज्ञानाची छाया यांची अशीच वाटणी झाली होती. वीज हा विषय तर बाबासाहेबांच्या हाती प्रत्यक्ष होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचे नियोजनही त्यांच्याकडे होते. त्यांच्या अनुयायांच्या मुलांनी विजेचे चित्र पाहून समाधान मानावे, ही मागणी कोणी केली तरी आपण मान्य करू नये.

बॅटरी पेटवणाऱ्या त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब दिला. दीड व्होल्टचा सेल. तिने तार दोन बोटांच्या टोकांनी धरली, जणू विंचू. "शॉक बसेल का सर?" पडद्यावर बेधडक आगी लावणारा हात येथे बिचकत होता, आणि त्या बिचकण्यात मला अकरावीतला मी दिसलो. तिने परिपथ बरोबर जोडला. बल्ब लागला नाही. पडद्यावर असे कधी झाले नव्हते, म्हणून प्रथम तिला वाटले आपलेच चुकले. मी काही बोललो नाही. तिने तारा तपासल्या, बल्ब शेजारच्या परिपथात लावून पाहिला, शेवटी होल्डर उघडला. आतली पट्टी गंजलेली होती. तिने ती पॉलिश पेपरने घासली आणि बल्ब लागला. पाऊण तासाची पडद्यावरची मोडतोड झाली नसती तर तिने होल्डर उघडण्याचे धाडस केले असते असे मला वाटत नाही. आणि होल्डर हाती आला नसता तर त्या मोडतोडीला अर्थ राहिला नसता.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. या वर्षी दोन ॲमीटर जळाले. कार्यालयाने नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागवला. त्या नमुन्यात नुकसानीच्या कारणाचा एक रकाना असतो. मी लिहिले, 'विद्यार्थ्यांनी हाताळले.' खुलासा अद्याप मंजूर झालेला नाही.